चार कॉट, एक गीझर आणि नवं कॉलेज

कॉलेजं सुरू होऊन महिना झाला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. जूनमध्ये ‘कोणती शाखा घेऊ’ असं विचारणारी मुलं ऑगस्टमध्ये ‘रूममेटशी कसं जमवू’ असं विचारू लागतात. या वेळचे प्रश्न बाहेरगावाहून पुण्यात आलेल्यांचे आहेत, एक त्यांच्यापैकी एकीच्या आईचा. नावं गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही अंबाजोगाईच्या चौघी एकाच ज्युनिअर कॉलेजातून पुण्यात बी.एस्सी.ला आलो. खोली एक, मेस एक, वर्गात बाकही एकच. महिना झाला तरी इतर कुणाशी ओळख नाही. वेगळी बसले तर या तिघींना वाईट वाटेल. काय करू?

चौघी मिळून आलात यात बिघडलं काहीच नाही. नव्या शहरात पहिल्या दिवशी मेसमध्ये एकटीने ताट घेऊन बसावं लागलं नाही, ही फार मोठी सोय आहे. अडचण अशी की चौघींचा घोळका दिसला की बाकीच्या मुली ‘यांचं यांचं चाललंय’ म्हणून लांब राहतात. त्यात त्यांचाही आखडूपणा नसतो आणि तुमचाही.

‘मी आता वेगळी बसणार’ असं जाहीर करायची गरज नाही. ते काम वेळापत्रक करतं. प्रॅक्टिकलच्या बॅचेस रोल नंबरप्रमाणे पडतात, म्हणजे चौघी एकाच बॅचमध्ये असण्याची शक्यता कमी. बॅच बदलून घ्यायला ऑफिसात अर्ज देऊ नका. नव्या मुली बरेचदा नेमकी हीच चूक करतात. टेबलावर जी पार्टनर मिळेल तिच्याबरोबर रीडिंग घे, आकडे जुळवून बघ, जर्नल कधी तपासून घ्यायचं ते ठरव. चार तास एकीबरोबर ब्युरेट धरून उभं राहिल्यावर गप्पांना विषय शोधावा लागत नाही. प्रॅक्टिकल संपल्यावर ‘चहा घेऊया?’ एवढं विचारायचं. अख्ख्या बॅचला नाही, एकीला किंवा दोघींना.

दुसरी जागा खुल्या ऐच्छिक विषयाच्या वर्गाची. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात हा विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यावा लागतो, त्यामुळे त्या वर्गात कला-वाणिज्यची मुलंही भेटतात. तिथे बहुतेक जण एकटेच आलेले असतात. दोन क्रेडिटचा विषय असेल तर आठवड्याला दोन तास. पहिले तीन-चार तास एकाच बाकावर बस. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाची जागा ठरून जाते आणि शेजार आपोआप पक्का होतो. दहा मिनिटं लवकर जा, कारण बोलणं होतं ते तास सुरू होण्याआधी. तास संपल्यावर जो तो पळतो.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीडशे जण आहेत म्हणजे दीडशे ओळखी झाल्या असं नाही. तिथे नोटिसा येतात आणि वाढदिवसाचे केक येतात. ओळख हवी असेल तर एकीलाच वेगळा मेसेज कर, तोही कामाचा : ‘उद्याच्या प्रॅक्टिकलला ग्राफपेपर लागणार आहे का?’

जुन्या तिघींबरोबर एक गोष्ट ठरलेली ठेव. रात्रीचं जेवण, समजा. ते शक्यतो मोडायचं नाही. बाकी दिवस मोकळा. असं असलं की दुपारी तू दुसरीकडे बसलीस तरी कुणी रुसत नाही. आणि नवी मैत्रीण खोलीवर आली तर तुम्ही चौघींनी गावाकडच्या सर, मॅडम आणि मुलांच्या गोष्टी काढू नका. पाचवीला त्यात शिरायला दारच नसतं. हे सगळं गणपतीच्या सुट्टीआधी सुरू झालेलं बरं. सुट्टीत निम्मा वर्ग गावी जातो, आणि परत आल्यावर प्रोजेक्टचे गट पडतात ते ज्यांच्या ओळखी आहेत त्यांचेच.

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी कर्वेनगरला टू बीएचके घेतलाय. भाडं २४,०००, डिपॉझिट ७२,०००. दीड महिन्यातच कुरबुरी. एक जण दर शनिवारी गावी जातो आणि ‘मी कमी राहतो’ म्हणून कमी पैसे देतो. लाइट बिल भलतंच आलं. आता एकाला होस्टेल मिळतंय, तो डिपॉझिट परत मागतोय. मैत्री टिकवून हे कसं सोडवायचं?

आधी डिपॉझिट, कारण भांडण पेटतं ते तिथे. प्रत्येकाचे १८,००० मालकाकडे आहेत आणि मालक ते घर रिकामं झाल्यावरच देणार. म्हणून जाणाऱ्याचे १८,००० मालकाने नाही, तर त्याच्या जागी येणाऱ्या नव्या मुलाने द्यायचे. तिघांनी आपल्या खिशातून ते भरू नयेत. नियम साधा ठेवा : जाणाऱ्याने महिनाभर आधी सांगायचं, बदली मुलगा शोधायला मदत करायची, आणि तो मिळेपर्यंत आपला भाड्याचा वाटा, म्हणजे ६,०००, देत राहायचं. किती महिने, तेही लिहा. दोन महिन्यांपेक्षा जास्त मागणं जुलमाचं होईल. नवा मुलगा कोण हे मात्र राहणाऱ्या तिघांनी ठरवायचं. मालकाला सांगितल्याशिवाय माणूस बदलू नका.

मग करार काढून बघा. त्यावर चौघांची नावं आहेत की एकाचंच? एकाचंच असेल तर उद्या भाडं थकलं की मालक फक्त त्यालाच धरेल, आणि बाकी तिघे कागदोपत्री पाहुणे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. बहुतेक करार ११ महिन्यांचे असतात. लॉक-इन, म्हणजे ज्या आधी घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची आणि घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का, या तीन ओळी शोधून चौघांनी वाचा. कराराची प्रत प्रत्येकाच्या फोनमध्ये हवी. भिंतीवरची ओल, तुटकी फरशी, गळके नळ आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो अजून काढले नसतील तर आज काढून मालकाला पाठवा. जुनी ओल तुमच्या नावावर चढायला नको.

लाइट बिलाचा चोर बहुधा गीझर. २ किलोवॉटचा गीझर चौघांसाठी पंधरा-पंधरा मिनिटं चालला तर दिवसाला २ युनिट, महिन्याला ६०. फ्रिज, पंखे, लॅपटॉप धरले की १०० युनिट सहज ओलांडतात, आणि महावितरणच्या घरगुती दरात १०० च्या पुढच्या युनिटला दर चांगलाच चढतो. म्हणून थोडा जास्त वापर झाला तरी बिल मात्र बरंच वाढलेलं दिसतं. अंघोळी एकामागून एक उरका आणि शेवटच्याने बटण बंद करायचं. ‘शेवटचा कोण’ यावर वाद होतो, म्हणून क्रमच ठरवून टाका; सकाळी ज्याचं लेक्चर आधी तो आधी.

गावी जाणाऱ्या मित्राचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. खर्चाचे दोन भाग करा. भाडं, वायफाय, कामवाल्या मावशींचे पैसे आणि लाइट बिल यांचे सरळ चार समान वाटे, कुणी घरी असो वा नसो. त्याची कॉट तर तो गावी गेला तरी अडलेलीच असते. किराणा, दूध, भाजी मात्र हजर दिवसांवर. महिन्याचे किराण्याचे ४,५०० झाले, तिघे ३० दिवस होते आणि एक २२ दिवस, तर एकूण दिवस ११२ आणि दिवसाला साधारण ४० रुपये. तिघांचे प्रत्येकी १,२०० च्या आसपास, चौथ्याचे ९०० च्या आत. कॅलेंडरवर गैरहजेरीची फुली मारली की झालं. पाहुणा आला तर त्याचे दिवस ज्याचा पाहुणा त्याच्या नावावर.

सगळा खर्च एकट्याने करायचा आणि महिन्याअखेरीस मागत फिरायचं ही पद्धत पहिल्याच आठवड्यात बंद करा. महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकी १,००० एका खात्यात जमा करायचे, खर्च तिथूनच करायचा, आणि संपले की पुन्हा तेवढेच टाकायचे. हिशेब दर रविवारी रात्री, दहा मिनिटं. वाटणीचं एखादं ॲप चालेल, पण नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. चार दिवसांनी कोथिंबीर किती रुपयांची होती ते कुणालाच आठवत नाही.

भागीदारीत वस्तू घेऊ नका. चौघांत मिळून घेतलेला मिक्सर अकरा महिन्यांनी चार तुकड्यांत वाटता येत नाही. शेगडी एकाची, कुकर दुसऱ्याचा, मिक्सर तिसऱ्याचा, बादल्या-झाडू चौथ्याचे. किमती कमी-जास्त झाल्या तरी जाताना ज्याची वस्तू तो घेऊन जातो.

जेवणाचं म्हणाल तर दुपारी मेस आणि रात्री खोलीवर वरण-भात, हे गणित बऱ्याच जणांना जमतं. मेस लावताना खाड्याचा नियम आधी विचारा : किती दिवस सलग नसलात तर पैसे वळते होतात, आणि आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगावं लागतं. एकेक दिवसाचा खाडा बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, आणि रविवारी रात्री मेस बंद असते. चार भुकेल्या मुलांना एका वेळी तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी तूरडाळ लागते. महिन्याला अशा २५ रात्री धरल्या तर साधारण ११ किलो तांदूळ, ४ किलो डाळ. डाळ वीस मिनिटं भिजवलीत तर शिट्ट्या कमी लागतात. गॅसचं नवं कनेक्शन मिळत नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. चहा आणि एकवेळचा स्वयंपाक यावर तीन-चार आठवडे जातो. मोठ्या सिलिंडरमधून लहानात गॅस भरून देणारे गल्लीबोळात भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका, ते बेकायदा आहे आणि त्यात स्फोट होतात.

राहिली कामं. झाडू-फरशी, भांडी मावशी करतात, म्हणून भांडणं उरलेल्या तीन गोष्टींवरून होतात : कचरा, पिण्याचं पाणी आणि मावशी येतात तेव्हा दार कोण उघडणार. ओला आणि सुका कचरा वेगळा करून सकाळी द्यावा लागतो, म्हणजे तेव्हा कुणीतरी जागं हवं. आठवड्याला एक जण, तिन्ही कामं त्याचीच. रोज पाळी बदलली की कुणाची होती यावरच वाद घालत बसाल.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये एकमेकांची हजेरी लावतात. एखाद्-दुसरं लेक्चर बुडालं तर काय बिघडतं?

किमान ७५ टक्के हजेरीचा नियम आकड्यात मांडून बघ. दोन क्रेडिटच्या थिअरीचे सत्रात ३० तास. त्यातले २३ भरावे लागतात, म्हणजे बुडवायला सात. प्रॅक्टिकलचं तसं नाही. दोन क्रेडिटला ६० तास, चार तासांचं एक धरलं तर पंधराच प्रॅक्टिकल. तीन बुडाली तर ८० टक्के. चौथं बुडालं की ७३. गणपतीला दोन, दिवाळीला एक आणि तापात एक, एवढ्यातच टर्म ग्रँट, म्हणजे सत्र पूर्ण केल्याची कॉलेजची मंजुरी, अडकते. प्रॅक्टिकलला टेबलावर माणूस दिसतो, तिथे मित्राचा आवाज उपयोगी पडत नाही. आणि पकडलं गेलं तर नाव दोघांचं जातं, हे त्या मदत करणाऱ्या मित्रालाही सांग.

प्रश्न : मुलगी यवतमाळहून पुण्यात शिकायला गेली आहे. रोज रात्री फोनवर रडते, सलग तीन शनिवार रात्रभर प्रवास करून घरी आली. तिच्या वडिलांचं म्हणणं, परत घेऊन येऊ. आम्ही काय करावं?

लगेच परत आणू नका आणि ‘एवढ्यात रडतेस काय’ असं दटावूही नका. पहिले काही आठवडे घरची ओढ लागणारच. तिचे शनिवार-रविवार मात्र वाया चालले आहेत. होस्टेलवर मैत्री होते ती रविवारीच : कपडे धुताना, केसांना तेल लावताना, तुळशीबागेत बादली आणि हँगर आणायला जाताना. ती नेमकी तेव्हा बसमध्ये असते, आणि सोमवारी अर्धवट झोपेत वर्गात. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे येणं-जाणं परवडतं, तरीही पुढचे तीन आठवडे तिने तिथेच राहावं. चौथ्या आठवड्याचं परतीचं तिकीट आजच काढून द्या. येण्याची तारीख हातात असली की मधले दिवस निघतात.

फोनची वेळ बदला. रात्री दहाचा फोन म्हणजे खोलीतल्या मुली गप्पा मारत असताना ही पांघरुणात तोंड घालून रडते. संध्याकाळी साडेसहा-सातला करा, पंधरा मिनिटं पुरे. ‘करमतंय का?’ असं विचारलं की रडूच येतं. त्यापेक्षा ‘आज जेवायला शेजारी कोण होतं?’ असं विचारा. सलग आठवडाभर उत्तर ‘कुणी नाही’ असं आलं तर रेक्टर मॅडमना फोन करा. चिवडा, शंकरपाळे पाठवाल तर खोलीतल्या सगळ्यांना पुरतील एवढे पाठवा.

रडण्यामागे बरेचदा साधं, सुटण्यासारखं कारण असतं आणि ते सांगायला लाज वाटते. बाथरूम घाण आहे, मेसचं तिखट सोसत नाही, वर्गात इंग्रजी कळत नाही, पैसे संपलेत, रूममेट रात्री दोनपर्यंत दिवा चालू ठेवते. एकेक करून विचारा. पण ती दोन आठवड्यांहून जास्त नीट झोपत-जेवत नसेल, तासांना जाणंच बंद केलं असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलली, तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी निघा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तिच्यासाठीच नाही, तुम्हीही फोन करू शकता.

प्रश्न : होस्टेलवर सीनिअर रात्री बोलावून ‘इंट्रो’ घेतात. माझे मित्र म्हणतात, मजा असते, सहन कर, मग तेच नोट्स देतात. परवा मला तासभर उठाबशा काढायला लावल्या.

नाव, गाव विचारणं ही ओळख. उठाबशा हा छळ आहे. उठून जायची मुभा नसेल तर ते रॅगिंग, नोट्स मिळोत वा न मिळोत. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध वेगळा कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते.

आज रात्रीच वहीत लिही : तारीख, वेळ, खोली क्रमांक, कोण कोण होतं, काय करायला लावलं. तुझ्याबरोबर आणखी कुणाला बोलावलं असेल तर दोघांनी मिळून तक्रार द्या. रेक्टरना आणि प्राचार्यांना लेखी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची; तोंडी सांगितलेलं विरून जातं. कॉलेजात बोलायची भीती वाटत असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. अंगावर हात टाकला तर थेट ११२. प्रवेशाच्या वेळी तू आणि पालकांनी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरलंय. सीनिअर मंडळींनीही ते दर वर्षी भरलेलं असतं, हे त्यांना आठवत नसेल तर ऑफिसला आठवतं.

प्रश्न : बारावी कॉमर्स मराठीतून. आता बी.कॉम. इंग्रजी तुकडीत आहे. अकाउंट्स येतं, पण सर काय म्हणतात ते कळत नाही आणि विचारलं की मित्र हसतात.

विषय तुला येतो, अडलंय फक्त शब्दांचं. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आख : रोजकीर्द–जर्नल, खतावणी–लेजर, तेरीज–ट्रायल बॅलन्स, नावे–डेबिट, जमा–क्रेडिट, घसारा–डेप्रिसिएशन, ताळेबंद–बॅलन्स शीट. रोज दहा शब्द, आदल्या रात्री पुढच्या धड्यातून काढलेले. तासाला ते कानावर आले की बाकीचं वाक्य लागतं. साठ-सत्तर शब्दांत पहिल्या सत्राचं अकाउंट्स आटोक्यात येतं. अर्थशास्त्राला जास्त लागतील, कारण तिथे वाक्यं लांब असतात.

हसणाऱ्यांपैकी निम्म्यांची तेरीज जुळत नसणार. एखाद्याला ती जुळवून दे आणि त्या बदल्यात धडा मोठ्याने वाचून घे. शंका वर्गात विचारवत नसेल तर तास संपल्यावर सरांना दारात गाठ. मराठीत विचारलंस तरी चालेल.

प्रश्न : नाटक, एनएसएस, एनसीसी सगळीकडे नावं घेताहेत. मित्र नाटकात चाललेत. मी कशात जाऊ?

वेळ मोजून ठरव. एनएसएसला वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. आठवड्याला दोन-तीन तास निघत असतील तर जमतं, आणि अनोळखी माणसाला तिथे सर्वात लवकर काम मिळतं. एनसीसीला पहाटेची परेड आणि ‘सी’ प्रमाणपत्रासाठी तीन वर्षं द्यावी लागतात. मध्येच सोडायची असेल तर जागा अडवू नकोस.

नाटकाचं वेळापत्रक वेगळंच. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात असते. म्हणजे कॉलेज सुरू झाल्या झाल्या निवड आणि लगेच तालमी, त्याही रात्री उशिरापर्यंत. पहिल्या वर्षी रंगमंचावर जागा क्वचित मिळते; नेपथ्य, प्रकाश, संगीत, मेकअप यांना माणसं नेहमीच कमी असतात, तिथे नाव दे. मित्र चाललेत एवढ्यासाठीच जाणार असशील तर थांब, कारण निवडीत त्यांचं झालं आणि तुझं नाही असं होऊ शकतं. जायचंच ठरवलंस तर होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं आणि तालमीच्या पत्राने ते किती वाजेपर्यंत वाढवून मिळतं, एवढं रेक्टरना पहिल्या तालमीच्या आधी विचारून घे.